इंजिन बंद, मग डाक

सप्टेंबर १९९३ मध्ये माझी पोस्टिंग एका सिग्नल रेजिमेंटमध्ये होती. हुद्दा हवालदार, काम रेडिओ ऑपरेटरचे. रेजिमेंटच्या स्थापना दिनानिमित्त पश्चिम किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत मोटारसायकल मोहीम काढण्याचे ठरले. आठ बुलेट, एक वन-टन ट्रक आणि अकरा माणसे. टीम लीडर एक तरुण कॅप्टन साहेब होते. माझ्याकडे तीन जबाबदाऱ्या होत्या. एक बुलेट चालवणे, सकाळ-संध्याकाळ ट्रकमधल्या सेटवरून रेजिमेंटशी बोलणे आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी येणारे टपाल व तारा ताब्यात घेणे. थोडक्यात, डाक माझ्याकडे होती.

डाकेविषयी आमच्या रेजिमेंटमध्ये एक जुना रिवाज होता. कोणत्याही नियमपुस्तकात तो लिहिलेला नव्हता, पण प्रत्येक जण तो पाळत असे. आमच्याकडे डीआर असत, म्हणजे मोटारसायकलवरून संदेश पोहोचवणारे जवान. फार पूर्वी एका डीआरला पेट्रोल भरताना घरचे पत्र मिळाले. त्याने ते तिथेच उभ्याने वाचले, गाडी सुरू केली आणि पुढच्या वळणावर तो ट्रकखाली गेला. तेव्हापासून गाडीवर असलेल्या माणसाला घरची बातमी द्यायची नाही असे ठरले. बातमी चांगली असो की वाईट, मुक्कामाला पोहोचल्यावरच द्यायची. इंजिन बंद, मग डाक.

हा रिवाज मी स्वतः निष्ठेने पाळला होता, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. रत्नागिरीला लान्स नाईक मुरुगनच्या नावाने तार आली होती. त्याचे वडील अत्यवस्थ होते. सकाळी नऊ वाजता मी ती सही करून घेतली आणि दुपारी अडीच वाजता, मुक्कामावर, त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचून एवढेच विचारले, "कब आया?"

"सुबह," मी म्हणालो.

त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. पुढे तो काही बोलला नाही. वडिलांना बरे वाटत असल्याची दुसरी तार आली आणि तो मोहिमेतच राहिला. त्याचे गप्प राहणे हे त्याचे आभार आहेत, असे मी समजून चाललो होतो.

मी मूळचा निलंग्याचा. वडील शिंपी होते. माझी मोठी बहीण, आपा, किल्लारीत दिली होती. दूल्हाभाईंचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, तेथे शिलाईचे दुकान होते. भावंडांत शाळा मला मिळाली, कारण आपाने तिसरीतून नाव काढून घरचे काम उचलले. आपाने समुद्र पाहिलेला नव्हता. मोहिमेवर निघण्यापूर्वी तिचे पत्र आले. शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेले होते. त्यात शेवटी एक ओळ होती: येताना दर्याचे शिंपले आण, लेकरं मागून राहिलीत. पण लेकरे मागत नव्हती, ती स्वतःच मागत होती, हे मला कळत होते.

टीममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच. दुसरा नाईक व्यंकट, देगलूरचा. त्याच्या बोलण्यात मराठी, तेलुगू आणि दक्खनी एकाच दमात येत असत. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलो असल्याने तो मला मास्तर म्हणे. दोन वेळा रजेवर जाताना तो माझ्याबरोबर किल्लारीला उतरला होता आणि आपाच्या हातची ज्वारीची भाकरी व अंबाडीची भाजी खाऊन पुढे गेला होता. तोही तिला आपाच म्हणत असे.

एकोणतीस तारखेला आमचा मुक्काम कारवारला एका शाळेत होता. अनंत चतुर्दशी होती. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर विसर्जन पाहिले.

"एमय्या मास्तर," व्यंकट म्हणाला. एमय्या म्हणजे काय रे, ही त्याची देगलूरची हाक. "आमच्या देगलूरला गणपती तळ्यात बुडवताव. हितं बघ, एवढा मोठा दर्या. गणपती बी म्हणत असेल, आता पोहायला तरी शिकवा मला."

मी हसलो. त्या दिवशी आम्ही दहा वाजता झोपलो.

तीस तारीख, गुरुवार. उठणे पाच वाजता. माझ्या गाडीचे मागचे चाक बसलेले होते. पंक्चर काढायला वेळ लागणार होता, म्हणून सकाळी साडेसातचा कॉल व्यंकटने घ्यावा असे मीच त्याला सांगितले.

"जा रे, आज ऑपरेटर तू."

"चहा पाजशील?"

"आधी कॉल घे."

तो ट्रकमध्ये गेला. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होतो. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ आत होता. उतरला तो थेट कॅप्टन साहेबांच्या खोलीकडे गेला. चहा मागायला तो आला नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी फॉल-इन झाले. कॅप्टन साहेब म्हणाले, "आज आराम से चलेंगे. स्पीड चालीस. हवालदार, आप बीच में रहेंगे." मी रोज सर्वांत मागे असे. डाकवाला आणि ऑपरेटर ट्रकजवळ असावा, हे त्याचे कारण. मी काही विचारले नाही. हुकमाचे कारण विचारण्याची मला सवय नव्हती आणि तो माझा स्वभावही नव्हता.

त्यानंतर साहेबांनी स्वतः खाली बसून माझ्या मागच्या चाकातली हवा पाहिली. साडेचार वर्षांच्या ओळखीत त्यांनी असे कधी केले नव्हते. पंक्चर चांगले काढल्याची ती पावती आहे असे मला वाटले.

रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्यामधून जात होता. त्या वर्षी तेथे कोकण रेल्वेचे काम चालू होते. ठिकठिकाणी डोंगर कापलेले होते आणि दगडांनी भरलेल्या ट्रकांमागे आम्हाला हळू चालावे लागे. माझ्यापुढे व्यंकट होता. एरवी तो गाडीवर मोठ्याने गात असे. त्या दिवशी गात नव्हता.

अंकोल्याला एक फाटा आहे. सरळ रस्ता किनाऱ्याने दक्षिणेला जातो. डावीकडचा घाट चढून हुबळीला, आणि तिथून विजापूर, सोलापूर. आमच्या भागाकडे जाणारा रस्ता तोच. व्यंकटने फाट्यावर गाडी बाजूला घेतली. मी मागे असल्याने मलाही थांबावे लागले. बाकीचे पुढे गेले. ट्रक आमच्या मागे उभा राहिला.

त्याने हेल्मेट काढले आणि हुबळीच्या रस्त्याकडे पाहत उभा राहिला. मी इंजिन चालूच ठेवले होते.

"काय झालं?"

"चेन वाजून राहिली."

चेन वाजत नव्हती. मी उतरून पाहिले. ताणही बरोबर होता.

"काही नाही चेनला."

"मास्तर..." तो म्हणाला आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "मास्तर, एक सांगू का..."

मी घड्याळ पाहिले. आम्हाला थांबून चार मिनिटे झाली होती. नऊ वाजून वीस मिनिटे. वेळापत्रक पाळणे हे माझे काम होते.

"मुक्कामावर सांग. साहेब पुढे थांबले असतील. चल."

त्याने हेल्मेट घातले. मग तो सरळ रस्त्याने निघाला आणि मी त्याच्या मागे.

कुमठ्याला नाश्ता झाला. मुरुगनने स्वतःच्या वाट्याचे उकडलेले अंडे माझ्या ताटलीत ठेवले. मी नको म्हणालो. "खाओ, हवालदार साब," तो म्हणाला आणि उठून गेला. रोज माझ्या गाडी चालवण्यावर विनोद होत असत. मी चाळीसच्या वर जात नाही, मागून बैलगाडी हॉर्न देते, असे काहीबाही. त्या दिवशी कोणी एक शब्द बोलले नाही. उलट होन्नावरच्या पुलावर साहेबांनी गाडी माझ्या बरोबरीने आणून विचारले, "ठीक हैं ना?" मी "ठीक हूँ, साब" म्हणालो. भटकळला जेवणात मला आधी वाढले.

हे सर्व मला दिसत होते. त्याचा अर्थ मी एवढाच लावला की इतक्या दिवसांच्या सहवासानंतर ही माणसे मला आपले मानू लागली आहेत. मी भिडस्त माणूस आहे. चारचौघांत लवकर मिसळत नाही. त्यामुळे तो दिवस मला फार सुखाचा वाटला. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षे लागली, परंतु सत्य हेच आहे.

दुपारी पावणेचारला आम्ही मरवंतेला पोहोचलो. तेथे रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी आहे. साहेबांनी अर्धा तास दिला. मी मेसटिन, म्हणजे जेवणाचा डबा, घेऊन वाळूत उतरलो आणि आपासाठी शिंपले वेचू लागलो.

"क्या कर रहे हो?" एकाने विचारले.

"बहन के लिए. उसने मँगाए हैं."

खाली वाकून त्यानेही दोन शिंपले उचलले आणि माझ्या डब्यात टाकले. मग दुसरा आला. थोड्या वेळात सगळे वेचू लागले. व्यंकट गुडघाभर पाण्यात गेला आणि धुऊन धुऊन चांगले निवडून आणू लागला. डबा भरला. मी त्याला म्हणालो, "अरे बस, दुकान टाकायचंय का तिला?" त्याने ओंजळीतले शिंपले डब्यावर रचले आणि पुन्हा पाण्याकडे वळला.

निघण्यापूर्वी ट्रक ड्रायव्हरने आमचा फोटो काढला. तो फोटो आजही माझ्याकडे आहे.

कुंदापूरला पाच वाजून दहा मिनिटांनी इंजिने बंद झाली. मी हातपाय धुतले, चहा घेतला आणि संध्याकाळच्या कॉलची तयारी करण्यासाठी ट्रकमध्ये चढलो. व्यंकट धावत आला.

"मास्तर, थांब. आज बी मी घेतो कॉल."

"आज माझं चाक ठीक आहे," मी म्हणालो आणि लॉग उघडला.

लॉगमध्ये तीन रकाने असतात. वेळ, मजकूर, कारवाई. सकाळची नोंद व्यंकटच्या अक्षरात होती. वेळ ०७४२. मजकूर असा की लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत पहाटे मोठा भूकंप झाला आहे, किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त आहेत, त्या भागातील जवानांना कळवावे आणि रजेवर सोडावे. कारवाईच्या रकान्यात लिहिले होते: मुक्कामापर्यंत राखून ठेवला. खाली कॅप्टन साहेबांची सही.

मी नोंद दोनदा वाचली. व्यंकट खाली उभा होता.

"सात बेचाळीसला कळलं?"

"हाव."

"सगळ्यांना?"

"हाव."

"अंकोल्याला हेच सांगणार होतास?"

तो ट्रकची फळी लावू लागला.

"व्यंकट, मी विचारतोय."

"सायबांचा हुकूम व्हता, मास्तर. आन् तू गाडीवर व्हतास. तूच सांगितलावतास ना त्या डीआरचं. घाटात तू गेला असतास तर आपाला मी काय तोंड दाखवलं असतं?"

"तो रस्ता घराकडे जात होता."

"जात व्हता," तो म्हणाला.

कॅप्टन साहेब आले. ते माझ्यापेक्षा वयाने लहान होते. "इंजन बंद होने से पहले नहीं. रूल आप को मालूम है, हवालदार."

"मालूम है, साब."

"आय ॲम सॉरी."

"येस साब."

त्यांनी रजेचा कागद तयार ठेवला होता. खाली सकाळची तारीख आणि सही होती. म्हणजे तो कागद दिवसभर त्यांच्या नकाशाच्या पिशवीत माझ्याबरोबर दक्षिणेकडे प्रवास करत होता. कारवारपासून कुंदापूर सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर. प्रत्येक किलोमीटर घरापासून उलट दिशेने.

व्यंकटने मला बुलेटवर सोडण्याची तयारी दाखवली. त्याने पेट्रोलही भरून आणले होते. मी नाही म्हणालो आणि बसने निघालो. शिंपल्यांचा डबा ट्रकमध्येच राहिला. तो मी विसरलो नव्हतो. घेतला नाही.

एक तारखेला दुपारी चार वाजता मी किल्लारीला पोहोचलो. गाव ओळखू येत नव्हते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद सगळे एकमेकांत बसले होते. दूल्हाभाई एका झाडाखाली बसलेले सापडले. त्यांनी मुले बाहेर काढली होती. आपा जिवंत निघाली नव्हती. सकाळी दहा वाजता तिला दफन केले होते.

"भाई, आवाज देत होती," ते म्हणाले. "आख्खा दिवस. रातीला एक वाजेपर्यंत. दोनदा विचारली, छोटा आला का म्हणून. मी म्हणलो, येऊन राहिलाय, निघालाय तिथून."

त्यांनी खोटे सांगितले होते आणि मला त्यांचा राग आला नाही.

मी नंतर कित्येकदा नकाशा काढून अंतर मोजले. सकाळी सव्वाआठला कारवारहून निघून अंकोल्याच्या फाट्यावर वळलो असतो, तर चाळीसच्या वेगाने रात्री अकराच्या सुमारास पोहोचलो असतो. माझ्या येण्याने दगड हलले असते असे मी म्हणत नाही. तिथे शेकडो हात होते. पण तिने विचारल्यावर उत्तर मी दिले असते.

मोहीम कन्याकुमारीला वेळेवर पोहोचली. मी रजेनंतर रेजिमेंटमध्ये परतलो. व्यंकटशी मी ड्युटीपुरते बोललो. सेटवर त्याचा आवाज आला तर उत्तर देत असे, मेसमध्ये नाही. एकदा तो माझ्या खाटेजवळ येऊन उभा राहिला. "मास्तर, शिवी तरी दे," तो म्हणाला. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. माझ्या रागाला आवाज नसतो. त्या दिवशी आवाज असता तर कदाचित बरे झाले असते.

दोन वर्षांनी आम्ही उत्तरेकडील एका सेक्टरमध्ये होतो. गोळाबारात टेलिफोनची लाइन तुटली आणि ती जोडायला नाईक व्यंकट गेला. सकाळी सहा वाजून पंधरा मिनिटांनी सेटवर संदेश आला. ऑपरेटर मी होतो. मजकूर मी माझ्या हाताने लिहिला. लाइन जोडली गेली होती.

त्याचे पार्थिव घेऊन मी देगलूरला गेलो. तेराव्या दिवसानंतर निघताना त्याच्या आईने मला बाजूला बसवले.

"तूच ना मास्तर?"

"हो."

"त्यो त्या गाडीच्या सफरीनंतर सुट्टीवर आला न्हाई का, तवा आधी हितं नाई आला. किल्लारीला उतरला. डब्यात शिंपले व्हते. तुमच्या आपाच्या मातीवर ठिवून आला म्हनला. हितं आल्यावर दोन दिस जेवला न्हाई. मी विचारले, काय झालं रे नायना. म्हनला, अंकोल्याला गाडी वळवायची व्हती, मायं, म्या वळवली न्हाई."

मी परत जाताना किल्लारीला उतरलो. शिंपले तिथे होते. पावसाने बरेच मातीत बसले होते.

हे त्याने मला सांगायला हवे होते. निदान एवढे तरी वेळेवर कळायला हवे होते. त्याने ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आपाबद्दलची बातमी मला दहा तास उशिरा मिळाली, व्यंकटबद्दलची दोन वर्षे. दुसऱ्या उशिराला जबाबदार कोण, याचे उत्तर मला ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर मी लातूरला आलो. शहरात गल्लोगल्ली कोचिंग क्लास आणि वसतिगृहे उभी राहत होती. अशाच एका क्लासच्या मुलींच्या वसतिगृहात मी रेक्टर म्हणून लागलो. मुलींचे पालक ऑफिसच्या फोनवर निरोप देत. पहिल्याच महिन्यात उदगीरकडच्या एका मुलीच्या घरून फोन आला, आजी गेली. शनिवार होता. क्लासचे सर म्हणाले, "उद्याची टेस्ट होऊ द्या, मग सांगा. मुलगी डिस्टर्ब होईल. तिच्याच भल्याचं आहे."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. कॅप्टन साहेबांचाही नव्हता. मी "हो" म्हणालो नाही आणि "नाही"ही म्हणालो नाही. जिना चढलो आणि तिला सांगितले. ती टेस्टला बसली नाही. सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. नंतर मी टेबलावर एक वही ठेवली. दोन रकाने: निरोप आला, निरोप दिला. दोन वेळांत जिना चढण्याएवढेच अंतर असावे, एवढी काळजी मी घेतो.

मरवंतेचा फोटो त्या टेबलामागच्या भिंतीवर आहे. भेटायला येणारे पालक विचारतात, यात तुम्ही कोणते? मी सांगतो, हसणारा तो मी. दहा जणांत दुसरे कोणी हसत नाही. माझ्या हातात मेसटिन आहे, काठोकाठ भरलेला. डावीकडे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, तो नाईक व्यंकट. सगळे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. तो माझ्याकडे पाहतो आहे आणि त्याचे तोंड किंचित उघडे आहे.